डबाभर बेस

"बेस कमी पडतोय" हे वाक्य कोणी म्हणावं याला आमच्या धंद्यात काही धरबंध नाही. ऑक्टोपॅडवाला म्हणतो, ते ठीक. त्याच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमचा किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, 60 हर्ट्झच्या आसपास आपटतो आणि स्टँडवरच्या दोन 12 इंची स्पीकरमधून, म्हणजे टॉपमधून, पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचकी मारल्यासारखा बाहेर पडतो. पण निवेदिकाही म्हणते, केटररचा माणूसही म्हणतो, आणि शेवटच्या रांगेत मठ्ठ्याचा ग्लास धरून बसलेले काका तर छातीवर हात ठेवून जागाच दाखवतात, "इथे बसत नाही." छातीत बसणं हे आपल्याकडे बेस मोजायचं अधिकृत एकक आहे. डेसिबल वगैरे त्यानंतर.

मग ठरतं, सब घ्यायचा, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा सबवूफरचा डबा. इथे मी बोलतोय ते सहा-सात जणांचा वाद्यवृंद, दीडदोनशे माणसांचं मंगल कार्यालय आणि घरचे दोन 12 इंची अ‍ॅक्टिव्ह (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले) टॉप एवढ्याच संसाराबद्दल. मिरवणुकीतल्या ट्रकवरच्या भिंतीबद्दल नाही. त्या भिंतीला निवड लागत नाही, क्रेन लागते.

पहिला वाद इंचांचा. दोन 12 घ्यावेत, दोन 15 घ्यावेत की एक 18? यावर वाद्यवृंदात जितकी माणसं तितकी मतं आणि खजिनदाराचं एक जास्त. खरं तर गणित चौथीचं आहे. कोन, म्हणजे स्पीकरचा पुढेमागे हलणारा पडदा; इंच मोजतात ते त्याच्या व्यासाचे. कोनचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर चालतं. 18 चा वर्ग 324. दोन 12 चे मिळून 288, म्हणजे एका 18 पेक्षा कमीच. दोन 15 चे 450, म्हणजे बरेच जास्त. त्यामुळे "12 चे दोन घेतले की 24 झाले" म्हणणाऱ्या माणसाला हिशेबाच्या वहीपासून लांब ठेवावं. तो खजिनदारच असेल तर निराळा विचार करावा लागेल.

क्षेत्रफळाला इतका भाव का? कारण आवाज तेवढाच ठेवून सूर एक सप्तक खाली नेला की कोनला चौपट हलावं लागतं. 80 हर्ट्झला 2 मिलिमीटर हलणारा कोन 40 ला 8 मिलिमीटर मागतो. लहान कोन तेवढा हलतो, नाही असं नाही, पण मग त्याची अवस्था लग्नात एकट्याने अडीचशे पानं वाढणाऱ्या वाढप्यासारखी होते. तोंडाने काहीतरी पुटपुटायला लागतो. त्याला आपण डिस्टॉर्शन म्हणतो.

आता किती खाली जायचं? बेस गिटारची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झ. किकचा दणका, डग्ग्याचा घुमारा, ढोलकीची धुम, ही सगळी मंडळी साधारण 45 ते 100 च्या गल्लीत भेटतात. त्यामुळे 40-45 हर्ट्झपर्यंत ताकदीने वाजणारा डबा आपल्याला भरपूर झाला. 30 हर्ट्झचे पैसे मोजायचे आणि वर्षभर 'ऐरणीच्या देवा तुला' वाजवायचं, याला माझ्या मते काही अर्थ नाही.

दुसरा वाद वॉटचा, आणि इथे दुकानदार रंगात येतो. "शेठ, हा बाराशेचा, आणि हा चोवीसशेचा. डबल!" डबल काय, तर वॉट. आवाज नाही. वॉट दुप्पट केले की 3 डेसिबल, म्हणजे डीबी, वाढतात, आणि 3 डीबी म्हणजे शेवटच्या रांगेतले काका मान किंचित तिरकी करून "आता जरा बरंय" म्हणतील इतपत. आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डीबी लागतात, म्हणजे वॉट दहापट. शिवाय डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेले वॉट बहुतेक वेळा 'पीक', म्हणजे क्षणभर झेपणारे, असतात. बऱ्याच उत्पादकांच्या हिशेबात त्याचे निम्मे 'प्रोग्रॅम' आणि चौथाई 'आरएमएस', म्हणजे सतत झेपणारे. म्हणजे चोवीसशेच्या डब्याचा खरा पगार सहाशे, बाकी सगळा महागाई भत्ता.

कागद वाचायचाच तर दोन आकडे वाचावेत. पहिला, खालची हद्द किती आणि ती −3 डीबीला दिली आहे की −10 ला, म्हणजे तिथे आवाज 3 डीबीने पडलेला असतो की 10 ने. "35 हर्ट्झपासून" असं झळकत असतं आणि खाली मुंगीच्या अक्षरात −10 लिहिलेलं असतं. म्हणजे 35 हर्ट्झ तिथे आहे, पण नातेवाइकाच्या लग्नात आहेर न आणता आलेल्या माणसासारखा, कोपऱ्यात. दुसरा आकडा कमाल एसपीएल, म्हणजे डबा जास्तीत जास्त किती डीबी आवाज काढतो तो. नाचगाण्याच्या कार्यक्रमात बेस बाकीच्या आवाजापेक्षा 6 ते 10 डीबी वर ठेवायची पद्धत आहे. त्यामुळे सबच्या अंगात आपल्या टॉपपेक्षा निदान 6 डीबी जास्त हवेत. टॉप रेटून वाजतोय आणि सब मेटाकुटीला आलाय, अशा जोडीत आधी जळते ती सबची कॉइल.

आता प्रत्यक्ष दुकानात. दहा बाय बाराच्या खोलीत, कोपऱ्यात भिंतीला टेकवून, दुकानदार त्याच्या पेनड्राइव्हवरचं गाणं लावतो. शटर थरथरतं, शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा कागद अडकतो, सगळे माना डोलावतात. इथे कुठलाही सब चांगला वाटतो. भिंत आणि कोपरा बेसला फुकटची मदत करतात, ती कार्यालयाच्या मधोमध मिळत नाही आणि उघड्या मैदानात तर मुळीच नाही. म्हणून डबा भिंतीपासून ओढून मध्ये घ्या, ऑक्टोपॅड घरून न्या, आणि शक्य असेल तर आपला एक टॉपही न्या. दुकानदार नाक मुरडेल. मुरडू द्या.

मग फोनवर टोन जनरेटरचं अ‍ॅप उघडा. आवाज बेताचा ठेवून 100 हर्ट्झपासून हळूहळू खाली या. जाळी काढता आली तर कोनकडे बघा. 70, 60, 55... कोन जास्त जास्त हलत जातो, आणि मग एका ठिकाणी, समजा 42 ला, तो अचानक जवळजवळ थिजतो. डबा बिघडलेला नसतो. त्या सुरावर सगळं काम पोर्टमधली, म्हणजे डब्याच्या तोंडावरच्या भोकातली, हवा करत असते. दुकानात देवाच्या फोटोपुढे अगरबत्ती असतेच. ती पोर्टपुढे धरली तर धुराची रेघ तुटून लगबगीने आतबाहेर करताना दिसेल. हा डब्याचा ट्यूनिंगचा सूर. याच्या खाली गेलात की कोन पुन्हा जोरात हलायला लागतो, पण या वेळी पाठीमागे हवेचा आधार नसतो आणि आवाजही पडतो. चांगल्या अ‍ॅक्टिव्ह सबमध्ये इथे आतला फिल्टर मध्ये पडतो आणि कोनला आवरतो. आवाज वाढवल्यावर पोर्टमधून भात्यासारखा फुसफुस येत असेल, हँडल खडखडत असेल, जाळी कुरकुरत असेल, तर ते आत्ताच ऐकून घ्या. कार्यक्रमात ते सगळं ढोलकीवाल्याच्या नावावर जमा होतं.

मापाचा आणि वजनाचा विषय लोक शेवटी काढतात, तो मी आधी काढायला सांगतो. अ‍ॅक्टिव्ह 18 इंची डबा 35 ते 55 किलोत येतो. खरेदीच्या दिवशी "त्यात काय, दोघं उचलू" म्हणणारे चौघं असतात, रात्री साडेअकराला एक असतो आणि त्याची पाठ नेमकी कालच धरलेली असते. पाठीमागे चार चाकं, बाजूला खोल हँडल, वरच्या बाजूला 35 मिलिमीटरच्या पोलची खोबण, एवढं बघाच. आणि गाडीच्या डिकीचं तोंड टेपने मोजून न्या. डिकीचा आकडा नव्हे, तोंड.

घरी आणल्यावर वायरिंग. सरळ मार्ग असा की मिक्सरमधून सबमध्ये, सबमधून टॉपमध्ये. पण सबच्या मागे बाहेर जाणाऱ्या दोन प्रकारच्या पिना असू शकतात. एकातून आलेला सिग्नल जसाच्या तसा पुढे जातो, दुसरीतून खालचे सूर गाळून जातो. पहिली जोडली तर टॉप बिचारे पूर्वीसारखेच बेससाठी धापा टाकत राहतात आणि सब असून नसल्यासारखा. दुसरी जोडली आणि वर टॉपच्या मागेही 100 हर्ट्झचा फिल्टर चालू ठेवला, तर दोनदा गाळलं जातं आणि मधल्या पट्टीत खड्डा पडतो. चहा एकदाच गाळायचा. 90-100 हर्ट्झला वाटणी करा, खालचं सबचं, वरचं टॉपचं.

या वाटणीचा सगळ्यात मोठा फायदा कोणाला होतो माहीत आहे? गायिकेला. टॉपचा 12 इंची कोन किकसाठी पुढेमागे धावत असताना त्याच कोनला तिचा आलापही सांभाळायचा असतो. तो आलाप किकबरोबर हेलकावे खातो. किक खाली गेली की गळा मोकळा होतो. सब घेतल्यावर आवाज स्वच्छ आला म्हणून गायिका नव्या माइकला श्रेय देते. देऊ द्या, माइक तिचाच असतो.

पण माइक सबमध्ये शिरता कामा नये. प्रत्येक बोलायच्या-गायच्या माइकला मिक्सरवर 100 हर्ट्झचा लो-कट, म्हणजे त्याखालचे सूर कापणारं बटण, दाबा. नाही दाबला तर काय होतं, ते निवेदकाने "परमपूज्य प्रमुख पाहुणे" म्हटलं की कळतं. एका वाक्यात चार वेळा 'प', आणि चारही तोफा सबमधून. पहिल्या रांगेतली लहान मुलं रडायला लागतात आणि पाहुण्यांना वाटतं सलामी आहे. मिक्सरला मोकळा ऑक्स, म्हणजे निवडक आवाज बाहेर काढायची वेगळी वाट, असेल तर आणखी बरं. त्यातून फक्त किक, बेस गिटार, कीबोर्ड, ढोलकी सबला द्या. बाकीच्यांना तिथे बोलावणंच नाही.

मग ते 'फेज' लिहिलेलं, सबच्या कोनचं पुढेमागे हलणं उलटं करणारं बटण. याला लोक लिफ्टमधल्या अलार्मच्या बटणासारखे घाबरतात. जिथे वाटणी केली तोच सूर, समजा 100 हर्ट्झ, सब आणि टॉप दोन्हींतून सारख्या जोराने लावा, एकाला श्रोत्यांच्या मध्यावर उभं करा आणि बटण दाबा, सोडा. बटणाच्या ज्या बाजूला आवाज जास्त, ती बाजू बरोबर. दोन्हीकडे सारखाच वाटला तर टॉप आणि सब यांच्यात अंतर आडवं येतंय. जो पुढे आहे त्याला मागच्यासाठी थांबवायचं, एका मीटरमागे 2.9 मिलिसेकंद. एवढं पाच मिनिटांचं काम न करता लोक दुसरा सब विकत घेतात.

दुसरा घेतलाच तर मंचाच्या डाव्या-उजव्या टोकांना ठेवायचा मोह आवरा. शोभेला छान दिसतं, पण मधल्या रांगेत बेस दणदणीत आणि तिथून चार खुर्च्या बाजूला सरकलं की गायब. दोन्ही डबे मधोमध, जमिनीवर, एकमेकांना खेटून ठेवले की एकट्यापेक्षा 6 डीबी जास्त मिळतात, आणि ते फुकट. लाकडी मंचावर मात्र ठेवू नका. आतून पोकळ असलेला मंच स्वतःच ढोल होतो आणि माइकचे स्टँड नाचायला लागतात. मधोमध ठेवलेल्या सबवर थोड्याच वेळात एक पर्स, दोन मुलं आणि अक्षतांचं ताट येणार, हे धरून चाला. पर्स आणि मुलं चालतील. ताट उचलायला सांगा, नाहीतर पहिल्या किकला अक्षता आपोआप पडतात.

लाइटचं थोडक्यात. कार्यालयाच्या टोकाच्या बोर्डावरून 0.75 चौरस मिलिमीटर जाडीची 30 मीटर वायर ओढलीत आणि 10 अँपिअर खेचलेत, तर जवळपास 15 व्होल्ट वायरीतच विरतात. तेच अडीचच्या वायरीत साडेचार. आणि त्याच बोर्डावर कॉफीचं मशीन लावलेलं नाही ना, हे स्वतः जाऊन बघा. विचारून उपयोग नाही, सगळे "नाही" म्हणतात.

सोसायटीच्या आवारात कार्यक्रम असेल तर एक गोष्ट आणखी. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 नंतर 45 डीबीची मर्यादा घालतात, आणि ती मोजतात 'ए' वजनाने. ही मोजणी माणसाच्या कानासारखी खालच्या सुरांकडे दुर्लक्ष करते. 50 हर्ट्झला तब्बल 30 डीबी कमी धरते. त्यामुळे मीटर शांत असतो आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची काचेची कपाटं बोलत असतात. आजी मीटरला विचारत नाहीत, सेक्रेटरीला विचारतात.

म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी एकाला खाली टोन जनरेटर घेऊन बसवा आणि आपण आजींच्या घरी जा. फोनवरून खाली सांगत राहा, "58... 60... थांब, 62." 62 ला कपाटाची काच वाजते. सबच्या इक्वलायझरवर 62 ला अरुंद पट्टीत 5 डीबी उतरवा आणि पुन्हा चालवा. काच गप्प होईपर्यंत आजी चहा आणतात. नाही म्हणू नका, कपबश्याही त्याच कपाटातल्या असतात आणि त्या 71 ला वाजतात.