सात की साठ? एका जुन्या हॅमच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

पॅकेट रेडिओ (संगणकातला मजकूर तुकड्यातुकड्यांनी रेडिओवरून पाठवणं) आणि रेडिओवरून ईमेल या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. नावाऐवजी 'एक जुना हॅम', म्हणजे जुना हौशी रेडिओचालक, एवढीच सही आहे आणि तीस वर्षं मोर्सवर काढली असं तुम्ही सांगता, म्हणून काका म्हणतोय. तुमचे आक्षेप तीन. संगणक जोडला की हॅम रेडिओतला माणूस संपतो. गेटवेच्या, म्हणजे रेडिओवरचा निरोप ईमेलमध्ये टाकणाऱ्या स्टेशनच्या, पलीकडे शेवटी इंटरनेटच असतं, मग इंटरनेट बंद पडल्यावर या खटाटोपाचा उपयोग काय? आणि आकुंचित (कॉम्प्रेस) करून पाठवलेला मजकूर वाटेत ऐकणाऱ्या तिसऱ्या हॅमला वाचता येत नाही, म्हणजे ती गुप्त भाषाच झाली. हा तिसरा मुद्दा मला बराचसा मान्य आहे. त्याकडे शेवटी येतो.

पहिल्या आक्षेपाला उत्तर म्हणून एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका आपत्ती सरावात मी नेट कंट्रोलच्या, म्हणजे कोणी कधी बोलायचं ते ठरवणाऱ्या हॅमच्या, शेजारी बसून येणारे निरोप उतरवून घेत होतो. घाटाखालच्या स्टेशनवरून औषधांची यादी ४० मीटरच्या रेडिओ बँडवर एसएसबीने, म्हणजे तोंडी बोलून, येत होती. दुपारची वेळ, आभाळ भरलेलं, कानात विजांचा कडकडाट. समोरच्याने सांगितलं, "सलाइन साठ." मी सात लिहिलं. पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं, मी पुन्हा सात ऐकलं. आकडे सुटे सांगायचे, 'सहा, शून्य' असे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण यादीच्या तिसाव्या ओळीपर्यंत दोघंही थकलो होतो. सराव होता म्हणून निभावलं. संध्याकाळी दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्रेपन्न सलाइनच्या बाटल्या मी एका अक्षरात हरवल्या होत्या.

त्या रात्रीपासून मी पॅकेटकडे वळलो.

एएक्स.२५ या पॅकेटच्या पद्धतीत काय होतं ते तुम्हाला माहीत असेल, पण इतर वाचकांसाठी सांगतो. मजकुराचे छोटे तुकडे होतात, त्यांना फ्रेम म्हणतात. प्रत्येक फ्रेमवर पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची कॉल साइन (परवान्यावरचं ओळखनाव) असते आणि शेवटी त्या फ्रेममधल्या बिट्सवरून काढलेली १६ बिटांची तपासणी संख्या असते. व्हीएचएफवर (जवळच्या संपर्काच्या उंच फ्रिक्वेन्सींवर) हे सगळं १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन सुरांत जातं, सेकंदाला १२०० बिट. घेणारं स्टेशन स्वतः तीच संख्या काढून पाहतं. जुळली तर पोच देतं, नाही जुळली तर फ्रेम टाकून देतं, आणि पोच आली नाही की पाठवणारं स्टेशन ती फ्रेम परत पाठवतं. सगळा जीव या टाकून देण्यात आहे. माझा कान अर्धवट ऐकलेलं अंदाजाने पुरं करतो. एएक्स.२५ अंदाज करत नाही. फ्रेम पोचते किंवा पोचत नाही. साठाचे सात होऊन पोचणं जवळपास अशक्य असतं.

आणि माणूस कुठे संपतो, काका? अँटेना माणूसच बांधतो. ऑडिओची पातळी माणूसच लावतो, आणि तिथेच तर नव्याजुन्यांची परीक्षा असते. लॅपटॉपचा आवाज चढा ठेवला की रिगची (रेडिओ संचाची) एएलसी सुई, म्हणजे पातळी चढल्याचं दाखवणारा काटा, हलते, सिग्नल दोन्ही बाजूंना पसरतो आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरचे लोक वैतागतात. माझं पहिलं इंटरफेस मी लॅपटॉप आणि रिग थेट वायरने जोडून केलं होतं. त्यात पन्नास हर्ट्झची अशी घरघर यायची की एकही फ्रेम उघडेना. मधे दोन छोटे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालून दोन्हींचं अर्थिंग वेगळं केलं, तेव्हा कुठे पहिली पोच आली. आता टीएनसीचा, म्हणजे पॅकेट बांधणाऱ्या-उलगडणाऱ्या मोडेमचा, वेगळा डबाही लागत नाही. डायरवुल्फ नावाचं मोफत सॉफ्टवेअर रास्पबेरी पायवर तेच काम करतं.

संगणकाने हॅमचं काही बाटवलं असंही मला वाटत नाही, उलट हॅमनेच संगणकाला बरंच शिकवलं. १९७८ साली माँट्रियलच्या हौशी मंडळींनी पॅकेट रेडिओ चालवून दाखवला. ८० च्या दशकात टुसॉनच्या गटाने टीएनसीचे किट घरोघरी पोचवले. मग एक अडचण वर आली. डोंगराच्या दोन अंगांना दोन स्टेशनं, ती एकमेकांना ऐकू येत नाहीत, पण माथ्यावरच्या स्टेशनला दोघंही ऐकू येतात. दोघांनाही वाटतं फ्रिक्वेन्सी मोकळी आहे, दोघंही एकदम बोलतात आणि माथ्यावर नुसता गोंधळ. फिल कार्न या हॅमने १९९० साली यावर उपाय मांडला: आधी छोटी परवानगी मागायची, माथ्यावरच्याने 'ये' म्हणायचं, आणि तो 'ये' ऐकणाऱ्या बाकीच्यांनी तेवढा वेळ गप्प बसायचं. हीच कल्पना पुढे वाय-फायच्या मानकात गेली. प्रत्येक नेटवर नेट कंट्रोल जे करतो तेच हे. माणसांची शिस्तच तिथे उतरवली आहे.

आता गेटवे. तुम्ही लिहिता, "चिपळूण बुडालं तेव्हा इंटरनेट होतं का?" नव्हतं, खरं आहे. जुलै २०२१ च्या पुरात वीज गेली, मोबाइल टॉवर मुके झाले. पण त्याच दिवशी पुण्यात वीज होती, इंटरनेटही होतं. सरळ रेषेत हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, मधे सह्याद्री उभा आहे एवढंच. तो व्हीएचएफला अडवतो. एचएफला, म्हणजे ४० मीटरसारख्या लांब पल्ल्याच्या बँडना, नाही, जर अँटेना मुद्दाम खाली ठेवली तर. ४० मीटरचा डायपोल (तारेची साधी अँटेना) जमिनीपासून चार-पाच मीटरवर ताणला की बहुतेक ऊर्जा सरळ वर जाते, आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या थरावरून परत येते आणि तीन-चारशे किलोमीटरच्या परिसरात शिंपडल्यासारखी पडते. दिवसा ४० मीटर चालतं, रात्री ८० वर उतरावं लागतं. म्हणजे बुडालेल्या गावातल्या हॅमला गेटवे गावात नकोच आहे. तो घाटावर असला की पुरे. विनलिंक या रेडिओवरून ईमेल नेणाऱ्या यंत्रणेची सगळी मांडणी याच गृहीतावर आहे. कॉल साइन हाच पत्ता. निरोप मिळेल त्या गेटवेवर टाकायचा, पुढे तो साध्या ईमेलसारखा जातो. उत्तर सर्व्हरवर थांबून राहतं, तुमची बॅटरी पुन्हा चार्ज झाल्यावर घ्या. आवाजाला हे थांबणं जमत नाही. ऐकणारा त्या क्षणी रिगवर नसेल तर निरोप हवेत विरतो.

आणि गेटवे नसेल तरीही विनलिंक एक्सप्रेस या तिच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन स्टेशनांनी थेट एकमेकांना निरोप देण्याची सोय आहे. घाटाखालून घाटावर, मधे इंटरनेटचा थेंबही नाही. माझ्या मते सरावात हीच पद्धत आधी घोटवायला हवी. आमच्याकडे मात्र सगळ्यांना एफटी८ या अगदी क्षीण सिग्नलच्या डिजिटल पद्धतीचं वेड आहे. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांची ती २०१७ ची करामत अफाट आहे, कान काहीच ऐकत नाहीत तिथे ती सिग्नल काढते. टेलर म्हणजे पल्सारसाठी (रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांसाठी) नोबेल मिळालेले तेच. आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर पल्सारचा अभ्यास चालतो, तेव्हा जुन्नरकडच्या हॅमना तर हे नाव जवळचं वाटायला हवं. पण १५ सेकंदांच्या एका फेरीत ७७ बिट. त्यात कॉल साइन आणि सिग्नलचा आकडा मावतो, औषधांची यादी नाही.

तिसरा आक्षेप. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांचं २५ वं कलम स्पष्ट आहे: अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा चालणार नाही, आणि दोन देशांमध्ये तिसऱ्या व्यक्तीचे निरोप फक्त आणीबाणीत किंवा आपत्तीच्या मदतीसाठी. मजकूर आकुंचित करणं म्हणजे लपवणं नव्हे, कारण विनलिंकची ती रीत उघड आहे, कोणीही उलगडू शकतो. पण विनलिंकसाठी वापरल्या जाणाऱ्या व्हारा या सॉफ्टवेअर मोडेमचा सोर्स कोड खुला नाही, पूर्ण वेगासाठी पैसे भरावे लागतात. पॅक्टर या दुसऱ्या पद्धतीचा मोडेम एकाच जर्मन कंपनीचा आणि महागडा. वाटेतल्या हॅमने ते ऐकून काय समजायचं? आपला छंद एकमेकांच्या देखरेखीवर चालतो, आणि ही देखरेख अशाने दुबळी होते. म्हणून माझ्या शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) मी शक्यतो एएक्स.२५ आणि आर्डॉप हा खुला मोडेम वापरतो, वेग कमी मिळाला तरी. त्या लेखात मी व्हाराची नुसती स्तुती केली होती, ही बाजू लिहिलीच नव्हती. तेवढं तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि लेखात मी ते आता घातलं आहे.

माझी स्वतःची एक खंतही सांगून टाकतो. या सगळ्यात मराठी कुठेच नाही. एपीआरएस या पॅकेटवरच्या छोट्या निरोपांच्या पद्धतीत निरोपाला ६७ अक्षरांची मर्यादा आहे. युनिकोडमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, तेव्हा हाती उरतात जेमतेम बावीस चिन्हं, काना-मात्रा धरून. एफटी८ ला तर रोमन अक्षरांपलीकडे काही कळतच नाही. त्यामुळे यादी रोमनमध्येच पाठवावी लागते, आणि 'काळे' आणि 'काले' एक होऊन जातात. एएक्स.२५ ला आतल्या बाइटशी देणंघेणं नसतं, तिथे देवनागरी जाते. मी पाठवून पाहिली आहे. गावांची आणि आडनावांची क्रमांकित यादी दोन्हीकडे ठेवून नुसते क्रमांक पाठवावेत का, असाही विचार करतोय. पण मग तीही सांकेतिक भाषाच, ती यादी जाहीर करावी लागेल.

मोर्सबद्दल माझ्या मनात आदर कमी झाला असं कृपया समजू नका. लॅपटॉपची बॅटरी संपली की माझं पॅकेट संपतं, आणि तुमची मोर्सची की (कळ) तरीही चालते. पण चाळीस नावं, वय आणि गावासकट, म्हणजे साधारण दोन हजार अक्षरं. मिनिटाला वीस शब्दांच्या वेगाने तुम्हाला वीस मिनिटं लागतील. ४० मीटरवर पॅकेट व्हीएचएफपेक्षा हळू चालतं, तरी पोच-पावत्या धरून काही मिनिटंच. खरं काय ते करून पाहू या का? येत्या रविवारी सकाळी ४० मीटरवर. यादी तुम्ही करा, हवं तर मुद्दाम अवघड आडनावांची. आधी तुम्ही ती मोर्सवर मला द्या, मी कानाने उतरवून घेईन. मग ती जशी मी उतरवली तशीच पॅकेटने तुम्हाला परत पाठवतो. तुमच्याकडे टीएनसी नसेल तर माझ्याकडचा एक जास्तीचा इंटरफेस कुरिअरने पाठवतो, सोबत वायरिंगचा कागदही ठेवतो.

७३, म्हणजे हॅमच्या भाषेत शुभेच्छा.