केनियाला नुसता पासपोर्ट पुरत नाही

‘केनियाला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट उचला आणि चार दिवसांत मसाई मारा बघून या’ हा मेसेज फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद झाला, पण त्याच्या जागी ईटीए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना, आला. निघण्याआधी ऑनलाइन अर्ज, फी आणि मंजुरी लागतेच.

पिवळ्या तापाच्या लशीचा तर मेसेजमध्ये उल्लेखच नाही. परतताना मुंबई विमानतळावर माझं पिवळं कार्ड, म्हणजे या लशीचं प्रमाणपत्र, मागितलं, लशीच्या तारखेवर बोट ठेवून तपासलं. लस घेतल्यावर १० दिवसांनीच ते ग्राह्य धरतात. कार्ड नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरण, म्हणजे सहलीपेक्षा जास्त! लस अधिकृत केंद्रांवरच मिळते, आधी नंबर लावा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हे कळवा.