दारात रुतलेली कुऱ्हाड

गाजलेल्या भयपटाचा पुढचा भाग येतोय म्हटलं की चाहता नुसता वाट पाहतो. आधीचा भाग येतोय म्हटलं की तो कामाला लागतो. जुना चित्रपट शोधून काढतो, वही-पेन घेतो, घरच्यांना ‘तुम्ही जेवून घ्या’ सांगतो आणि पंचनाम्याला बसतो. पुढच्या भागात काय होणार हे कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे चुका काढायला वाव कमी. आधीच्या भागाचा शेवट मात्र सगळ्यांना पाठ असतो. म्हणजे हक्काचं कुरणच.

तसं शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीचं आपल्याला काही वावडं नाही. बाजीप्रभू खिंडीत पडणार हे डफावर पहिली थाप पडायच्या आधीच माहीत असतं, तरी ऐकणारा मांडी मोडत नाही. पण पोवाडा संपल्यावर कुणी शाहिराला गाठून ‘मागच्या वेळी तोफा तिसऱ्या कडव्यात वाजल्या होत्या, आज चौथ्यात कशा?’ असं विचारत नाही. आम्ही विचारतो. आमची जातच ती.

आता नमुन्याला जॉन कार्पेंटरचा १९८२चा ‘द थिंग’ घ्या. गोष्ट कुठल्याही सजीवाचं सोंग घेणाऱ्या, परग्रहावरच्या एका प्राण्याची. अंटार्क्टिकावरच्या अमेरिकन तळाकडे बर्फातून एक कुत्रा पळत येतो. त्याच्यामागे हेलिकॉप्टर, आणि त्यातून एक नॉर्वेजियन माणूस बंदुकीनं कुत्र्यावर गोळ्या झाडतोय. पुढे अमेरिकन मंडळी नॉर्वेजियन तळावर जाऊन पाहतात, तर सगळं जळून खाक. तिथे सापडलेला मुद्देमाल असा: खुर्चीत बसल्या बसल्या गळा आणि मनगटं कापून घेतलेला एक गोठलेला माणूस, दारात रुतलेली एक कुऱ्हाड, आतून पोकळ झालेला बर्फाचा भलामोठा ठोकळा, बाहेर बर्फात पडलेलं दोन तोंडांचं एक जळकं धूड आणि काही व्हिडिओ टेपा. चित्रपटात या ठिकाणी आपण जेमतेम काही मिनिटं असतो. चाहते २९ वर्षं होते.

२०११ साली याची पूर्वकथा आली तेव्हा पटकथाकार एरिक हायसरर याचं कामही हेच होतं. दारात कुऱ्हाड आहे ना, मग ती तिथे कशी आली ते दाखवलंच पाहिजे. या लेखनाला त्यानं शवविच्छेदनाची उपमा दिली होती, आणि ती चपखल आहे. खरकट्या पंगतीवरून आधी काय वाढलं होतं ते ओळखायचं, आणि ओळखलेलं पुन्हा रांधून दाखवायचं. मीठ कमी पडलं की आम्ही आहोतच.

यात एक गंमत आहे, ती पंचनामेवाल्यांना सहसा आवडत नाही. १९८२च्या चित्रपटातला तो जळका नॉर्वेजियन तळ वेगळा उभारलेलाच नव्हता. शेवटच्या प्रसंगासाठी अमेरिकन तळाचा सेट स्फोटानं उडवला आणि त्याच्याच कोळशात नॉर्वेजियन तळाची दृश्यं उरकली. पैसे वाचले. म्हणजे ज्या जळक्या वाशांवरून आम्ही वर्षानुवर्षं ‘आधी काय घडलं’ याचे पुरावे गोळा केले, तिथे प्रत्यक्षात नंतर काय घडलं याची राख होती. पंचनामा पक्का, फक्त घर चुकलं.

पूर्वकथेची घोषणा झाली की पहिलं संकट नावाचं. २०११च्या चित्रपटाचं नावही ‘द थिंग’च. मूळ कथा जॉन डब्ल्यू. कॅम्पबेलची, १९३८ची, तिच्यावरचा १९५१चा चित्रपट ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’. त्यामुळे या विषयावर दोन चाहते बोलू लागले की वीजबिलासारखं प्रत्येक वाक्याला साल लावावं लागतं. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आपल्याकडेही आहे, पण इथे नातू आजोबांच्या आधी जन्मलाय असं मानायचं असतं.

दुसरं संकट ट्रेलरचं. पहिल्यांदा ट्रेलर सलग पाहावा, ते आयुष्यात एकदाच होतं. नंतर चौकट-चौकट. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे अडीच मिनिटांच्या ट्रेलरच्या ३६००. यूट्यूबवर चित्र थांबवून स्वल्पविरामाची कळ दाबली की एक चौकट मागे, पूर्णविरामाची दाबली की एक चौकट पुढे. पूर्णविरामानं पुढे जायचं, हे व्याकरण फक्त चाहत्यांनाच झेपतं. धोका काळोख्या दृश्यांत असतो. व्हिडिओ दाबून लहान करताना अंधाराच्या वाट्याला सगळ्यात कमी माहिती ठेवली जाते, त्यामुळे काळ्या भागात चौकोनी डाग पडतात. चित्र उजळवलं की डागांना डोळे फुटतात, मग हातपाय. पुढचे आठ दिवस हा राक्षस कुठल्या हॉलमध्ये आहे यावर कडाक्याचा वाद, आणि चित्रपटात त्या जागी फक्त कपाट. शिवाय ट्रेलर कापला जातो तेव्हा राक्षसांची रंगरंगोटी बरेचदा व्हायचीच असते. मुलगी बघायला जावं आणि घराला रंगकाम चालू असावं, त्यातला प्रकार.

पण खरं दुखणं राक्षसांचंच आहे, तिथे जरा थांबतो.

१९८२चे बहुतेक राक्षस रॉब बॉटिन या विशीतल्या पोरानं केले. कुत्र्यांच्या पिंजऱ्यातला तेवढा स्टॅन विन्स्टनकडे सोपवला, कारण बॉटिनला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. वर्षभराहून जास्त काळ, आठवड्याचे सातही दिवस राबून शेवटी तो इस्पितळात दाखल झाला. सामान काय, तर रबर, फोम-लेटेक्स, वंगणाची जेली, मेयोनेज, मक्याचा लगदा आणि मायक्रोवेव्हमध्ये वितळवलेला बबलगम. अर्ध्या वस्तू किराणा दुकानातल्या. यातला सगळ्यात नावाजलेला प्रसंग डॉक्टरचा. बेशुद्ध माणसाच्या छातीवर तो विजेचा झटका द्यायला जातो, छाती जबड्यासारखी उघडते आणि डॉक्टरचे दोन्ही हात कोपराखाली कचकन तोडते. त्या क्षणासाठी दोन्ही हात खरोखरच गमावलेला एक माणूस आणला. त्याला मेणाच्या हाडांचे आणि रबरी शिरांचे खोटे हात लावले, चेहऱ्यावर मूळ नटाचा मुखवटा चढवला, आणि हायड्रॉलिकवर चालणारी खोटी छाती त्याच्या हातांवर मिटवली. पाहणाऱ्याचं लक्ष हातांकडे असतं. मुखवट्याकडे बघायला सवड कुणाला?

२०११मध्येही अशीच तयारी झाली होती. अमॅल्गमेटेड डायनॅमिक्स या कार्यशाळेनं म्हणजे अलेक गिलिस आणि टॉम वुड्रफ धाकटे यांच्या मंडळींनी रबराचे, तारांवर आणि मोटरींवर हलणारे राक्षस बनवले, ते सेटवर आले, नटांच्या अंगावर धावूनही गेले. चाहत्यांनी ही बातमी ऐकून पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पडद्यावर पाहतात तर त्यातल्या बहुतेकांवर संगणकाचा लेप. पुढे कार्यशाळेनं मूळ राक्षसांचे व्हिडिओ लोकांपुढे ठेवले, तेव्हा जो हळहळीचा सूर उठला तो मयताला शोभावा असा होता. मग याच मंडळींनी चाहत्यांकडून गणपतीसारखी वर्गणी गोळा करून २०१५ साली ‘हार्बिंजर डाउन’ नावाचा वेगळा चित्रपट रबरी राक्षसांसकट काढला. देवाला नाही, पण राक्षसाला वर्गणी देणारे आम्हीच.

लेप का लागत नाही याची कारणं साधी आहेत. रबरावर जो दिवा पडतो तोच नटाच्या गालावर पडतो. संगणकातला दिवा अंदाजे लावावा लागतो. रबराला वजन असतं, ते लादीवर आपटलं की बाजूची टाचणी हलते. आणि रबराला स्वतःच्या मर्यादेची जाणीव असते. म्हणून चिकटा, धूर, अंधार आणि झटपट तोडलेलं दृश्य. संगणकाला तशी लाज नाही. त्याचा राक्षस भर उजेडात हॉलभर पळतो, आणि भीती मागे राहते.

एक गोष्ट मात्र २०११वाल्यांना मनापासून द्यायला हवी. माणूस कोण आणि सोंग कोण हे ओळखायची १९८२ची रीत म्हणजे प्रत्येकाच्या रक्तात तापलेली तार बुडवायची. ती अमेरिकन तळावर सुचलेली, तेव्हा आधीच्या कथेत वापरता येईना. म्हणून इथे दातांत भरलेला धातू तपासतात. हा प्राणी मांसाची नक्कल करतो, धातूची त्याला जमत नाही. बॅटरी घेऊन एकेकाला ‘आ’ करायला लावायचं. दात भरलेले असतील तो माणूस, नसतील तो संशयित. लहानपणापासून दोन वेळा दात घासणाऱ्यांवर इतका अन्याय दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात झालेला नाही.

हिशेबाच्या बाबतीत ‘द एक्झॉर्सिस्ट’चं प्रकरण आणखी बिकट. १९७३च्या चित्रपटात म्हाताऱ्या फादर मेरिनबद्दल सांगितलं जातं की दहा-बारा वर्षांपूर्वी आफ्रिकेत त्यानं असंच एक भूत उतरवलं, महिनोन्महिने चाललं होतं, जीवावर बेतलं होतं. बस, एवढंच. चाहत्यानं वजाबाकी केली: साधारण १९६०च्या आसपास. पूर्वकथा आली ती दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेल्या काळातली. दहा-बारा वर्षं गेली कुठे? आणि पूर्वकथा तरी एक असावी की नाही! आधी दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमर ठरले, ते बाजूला झाले आणि २००२ साली वारले. मग पॉल श्रेडरनं पूर्ण चित्रपट काढला. तो निर्मात्यांना पुरेसा भीतिदायक वाटेना. म्हणून रेनी हार्लिनला आणून जवळजवळ सगळा पुन्हा काढला, तो २००४मध्ये लागला. तो पडल्यावर २००५मध्ये श्रेडरचाही बाहेर आला. पाहुणा एक, स्वयंपाक दोनदा, आणि पाहुणा दोन्हीकडून अर्धपोटी. दोन्हींत मेरिन एकच, स्टेलन स्कार्सगार्ड. आता वयं पाहा. १९७३चा म्हातारा मेरिन झालेला मॅक्स फॉन सिडो तेव्हा चाळिशीतला होता, मेकअपवाल्या डिक स्मिथनं त्याला म्हातारा केला. तरुणपणीचा मेरिन झालेला स्कार्सगार्ड पन्नाशी ओलांडलेला. तरुणपण म्हातारपणाहून सात-आठ वर्षांनी मोठं!

इतकं करून हाती काय लागतं? ‘एलियन’मध्ये १९७९ साली एका अवाढव्य खुर्चीत कुणीतरी अवाढव्य मरून पडलेलं दिसलं, जणू खुर्चीतच उगवलेलं. ते मोठं दिसावं म्हणून रिडली स्कॉटनं आपल्याच मुलांना छोटे अंतराळ-पोशाख घालून शेजारी उभं केलं होतं. तेहतीस वर्षं आम्ही त्या खुर्चीचं स्वप्न पाहिलं. २०१२च्या ‘प्रोमिथियस’मध्ये कळलं की तो नुसता पोशाख होता, आत उंच गोरा माणूस. शिवाय हा उपग्रहच वेगळा, त्यामुळे मूळ खुर्चीत कोण बसलं होतं ते राहिलंच. पत्ता चुकीचा, आणि निरोपही नको तो.

या बाबतीत आपली भुतं शहाणी. मुंजा म्हटलं की मुंज झालेला, सोडमुंजीआधी गेलेला पोरगा. हडळ म्हटलं की बाळंतपणात गेलेली बाई. पूर्वकथा नावातच, वेगळं तिकीट नाही. तिकडे ‘द कॉन्ज्युरिंग’ (२०१३) मधल्या काचेच्या कपाटातल्या बाहुलीची पूर्वकथा २०१४ला, आणि त्या पूर्वकथेची पूर्वकथा २०१७ला. आणखी दोन पिढ्या मागे गेले की ती बाहुली ज्या झाडाची केली त्याचं बी.

तर ‘थिंग’ कसा पाहावा? आधी १९८२चा, मग २०११चा, आणि श्रेयनामावली सुरू झाली म्हणून उठायचं नाही, कारण शेवट तिच्या अधूनमधून पेरलाय. हेलिकॉप्टर उठतं, कुत्रा पळतो, संगीतकार एन्निओ मोरिकोनेची जुनी धडधड सुरू होते. तिथेच पुन्हा १९८२चा लावायचा, पहिली दहा मिनिटंच. तो बंदूकवाला, ज्याचं काम सहयोगी निर्माता लॅरी फ्रँकोनंच केलंय, उतरून अमेरिकनांवर जिवाच्या आकांतानं ओरडतो. खाली भाषांतर येत नाही. अमेरिकनांना वाटतं वेडा आहे, आणि ते त्याला गोळी घालतात. तो मोडक्यातोडक्या नॉर्वेजियनमध्ये सांगत असतो की पळा, तो कुत्रा नाही, कुत्र्याची नक्कल करणारी कसलीतरी वस्तू आहे. ऑस्लोच्या थिएटरात बसलेल्यांना सगळी पूर्वकथा तिथेच कळली असणार, १९८२ साली, कुत्रा अजून कुणाचा हात चाटत असतानाच.