होतकरू संशोधकास अनाहूत सल्ला

कोकणात राहून संशोधक म्हणून नाव कमवायचे आपण मनावर घेतले असेल, तर प्रयोगशाळेच्या आणि अनुदानाच्या मागे लागण्यापूर्वी एक पथ्य सांभाळावे. जी गोष्ट आपण काहीही न करता घडणारच आहे, तीच अभ्यासाला घ्यावी आणि ती घडण्याच्या जरा आधी तेथे जाऊन उभे राहावे.

या दृष्टीने विंचूदंशाइतका किफायतशीर विषय नाही. विंचू चावलेल्या अनेक मोठ्या माणसांना वेदनांपलीकडे फारसे काही होत नाही आणि त्या वेदनाही यथावकाश ओसरतात. तेव्हा आवडीचा पाला वाटून लावावा, जोडीला मंत्र घालावा आणि रोगी उठून बसला की त्याचे नाव वहीत लिहावे. ज्या मुलाला दरदरून घाम सुटला आहे, उलट्या होत आहेत, हातपाय गार पडले आहेत आणि तोंडाला फेस येऊ लागला आहे, त्याला मात्र विनाविलंब तालुक्याच्या दवाखान्यात धाडावे. वाचला तर पाल्याने, गेला तर डॉक्टरांमुळे. अशा मुलांसाठी वहीत पान ठेवू नये.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी नेमके तेच पान उघडले आणि नसता व्याप मागे लावून घेतला. लाल विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते, हे रोग्याच्या खाटेशेजारी बसून पाहिल्यावर त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध वापरले, आणि मृत्यू पुष्कळ घटले. शहाणा माणूस येथे थांबून शाल-श्रीफळ घेऊन घरी गेला असता. यांनी २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ७० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली, त्यात एका गटाला नुसते प्राझोसिन, तर दुसऱ्याला त्यासोबत प्रतिविष दिले होते, आणि प्रतिविषाची जोड मिळालेले रुग्ण लवकर बरे झाले. ज्या औषधाने नाव मिळाले ते एकटे पुरेसे नाही, हे स्वतःच्याच हाताने लिहून छापायला देण्याची खोड आपल्याला परवडणारी नाही.

भूगर्भशास्त्राची आवड असेल, तर राजापूरची गंगा हा अधूनमधून वाहणारा झरा आहे. साधारण तीन वर्षांनी ती प्रकटते, चौदा कुंडे भरते आणि लुप्त होते. हे वेळापत्रक ती नेहमी पाळतेच असे नाही. जमिनीखालच्या पोकळीत पाणी ठरावीक पातळीला चढले की सायफनप्रमाणे एकदम वाहू लागते, असा तर्क मांडला जातो, पण तो पडताळायचा तर वर्षानुवर्षे पाऊस आणि आसपासच्या विहिरींची पातळी नोंदवत बसावे लागेल. त्यापेक्षा भूकंपाशी नाते जोडावे. कोयनेच्या परिसरात १९६७ च्या मोठ्या भूकंपानंतरही लहानसहान धक्के चालूच असल्यामुळे, गंगा कोणत्याही तिथीला आली तरी थोडे मागेपुढे चाळले की एखादा धक्का हाती लागतोच. धक्का बसला आणि गंगा आली नाही, ते दिवस मोजू नयेत.

सागरी कासवांच्या वाटेला मात्र जाऊ नये. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली ऑलिव्ह रिडले मादी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आली, आणि पूर्वेची कासवे निराळी, पश्चिमेची निराळी, ही सोयीची समजूत तेवढ्या एका बिल्ल्याने अडचणीत आणली. ज्या प्राण्याच्या अंगावर क्रमांक आहे, त्याच्याविषयी मनाजोगते बोलता येत नाही.

सर्वांत निर्धोक क्षेत्र हापूसचे. हापूस वर्षाआड धरतो, हे बागेतल्या गड्यालाही ठाऊक असते. म्हणून यंदा ज्या कलमांना जेमतेम मोहोर आला, तीच निवडून त्यांच्या बुंध्याशी आपले गोमूत्र, गूळ आणि ताकाचे द्रावण ओतावे. पुढच्या हंगामात कलम लगडते आणि फोटोही झकास येतो. शेजारच्या रांगेला काहीच दिले नव्हते आणि तीही लगडली आहे, एवढे फोटोत येऊ देऊ नये. साका या फळाच्या आतल्या दोषावर उपाय विकायचा असेल, तर आणखी सोपे. बाहेरून देखणे फळ कापल्यावर बाठ्याभोवती पांढुरका, स्पंजासारखा, आंबट गर निघाला की बागायतदार काहीही विकत घेण्याच्या मनःस्थितीत असतो. त्याला द्रावणाचा कॅन द्यावा आणि जाता जाता, फळे पूर्ण तयार होण्याआधी, चौदा आणे तयार झाली की उतरवा, झाडाखाली पालापाचोळ्याचे आच्छादन करा, असेही सुचवावे. या दोन गोष्टींनी साका कमी होतोच. पावती कॅनची फाडावी.

दापोलीच्या कृषी विद्यापीठातले कोणी येऊन दुसऱ्या रांगेविषयी विचारू लागले, तर त्यांना परंपरेचा अभिमान नाही असे चारचौघांत म्हणावे. आणि द्रावण ओतूनही कलम रिकामे राहिलेच, तर अवकाळी पाऊस आहे, तुडतुडे आहेत, फुलकिडे आहेत, आणि बागायतदाराने ते अमावास्येला ओतले होते, हेही आहेच.