युगांडातल्या गरिबांना विचारलं, तेव्हा काय झालं

रविवारी सकाळी मामाने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मजकूर टाकला. त्याचं म्हणणं असं : आफ्रिकेतल्या गरिबी निर्मूलनाच्या योजना वॉशिंग्टनमध्ये लिहिल्या जातात, लोकसहभागाच्या नावाने पुढे येणाऱ्या संस्था परदेशी पैशावर पोसलेल्या असतात, अडाणी माणसांना काय कळतं, त्यांना धोरण विचारणं हा तमाशा आहे, आणि यातून एकाही देशाचं भलं झालेलं नाही. मामाने तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय. त्याच्याच हातून हे पुढे गेलं, म्हणून मला गप्प बसवेना.

‘एकाही देशात’ म्हटलंय, तर मी एकच देश घेते. युगांडा.

वॉशिंग्टनचा मुद्दा आधी उरकते. कर्जमाफी हवी तर लोकांशी चर्चा करून गरिबी निर्मूलनाचा आराखडा आणा, ही अट वॉशिंग्टनमधल्या जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने गरीब देशांना १९९९ साली घातली. युगांडाचा स्वतःचा आराखडा १९९७ चा आहे. २००० साली तोच सुधारून पुढे ठेवला आणि तो मान्य झाला. मामाच्या म्हणण्यात अर्धं सत्य आहे, तेही सांगते. महागाई, कर, खर्चाची मर्यादा हे विषय अर्थखातं आणि नाणेनिधी यांच्यातच ठरले. स्वयंसेवी संस्थांना तिथे फारसा शिरकाव नव्हता.

आता ‘अडाणी माणसांना काय कळतं’. सगळ्या मजकुरात हे वाक्य मला सर्वांत जास्त लागलं, कारण ते खोटं आहे आणि घातकही. १९९८ पासून युगांडाच्या अर्थखात्याने ऑक्सफॅम या ब्रिटिश मदतसंस्थेला बरोबर घेऊन ९ जिल्ह्यांतल्या ३६ वस्त्यांमध्ये माणसं पाठवली. गरीब कोणाला म्हणता, गरिबी येते कशाने, सरकारने आधी काय करावं, हे लोकांनाच विचारलं. पिण्याच्या पाण्याची मागणी इतक्या ठिकाणांहून आली की सरकारने पाण्यासाठीची तरतूद वाढवली. ईशान्येच्या कोटिडो जिल्ह्यातल्या लोकांनी गुरं पळवणाऱ्या सशस्त्र टोळ्यांबद्दल सांगितलं. ज्याची गुरं एका रात्रीत जातात, तो सकाळी कंगाल असतो. केवळ उत्पन्न आणि खर्च मोजणाऱ्या पाहणीत ही भीती दिसत नाही. २००० च्या आराखड्याच्या चार मुख्य उद्दिष्टांपैकी एक सुशासन आणि सुरक्षितता हे होतं. हे त्या ‘अडाणी’ माणसांनी दाखवून दिलं होतं.

मामा, पुढचं खास तुझ्यासाठी. सादिलचे, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाचे, पैसे वेळेवर येत नाहीत म्हणून तू खडू पदरमोड करून आणायचास. युगांडात १९९१ ते ९५ या काळात सरकारने शाळांसाठी पाठवलेल्या दर विद्यार्थ्यामागच्या अनुदानातले सरासरी फक्त १३ टक्के शाळेपर्यंत पोचत होते. हा आकडा जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २५० शाळांच्या पाहणीतून काढला. मग कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली हे वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात झाली, शाळेच्या भिंतीवर लावणं सक्तीचं झालं. पालक विचारू लागले. २००१ पर्यंत ८० टक्क्यांहून जास्त पैसे पोचत होते. याचं सगळं श्रेय वर्तमानपत्रांना देऊ नये, इतर सुधारणाही त्याच काळात झाल्या, असं काही अर्थतज्ज्ञ म्हणतात. मान्य आहे. पण हिशेब उघडा झाला नसता तर पालकांनी विचारलं असतं तरी कशाच्या आधारावर?

परदेशी पैशाचा आरोप. हो, बऱ्याच संस्थांना तो मिळत होता, आणि राजधानी कंपालातल्या इंग्रजी बोलणाऱ्यांचाच आवाज मोठा होता, हेही खरं. पण १९९६ साली उभ्या राहिलेल्या ‘युगांडा डेट नेटवर्क’ने कर्जमाफीतून आलेला पैसा कुठे खर्च होतो हे पाहायला जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक लोकांच्या समित्या बसवल्या. परदेशी पैशाचा दलाल स्वतःच्या दारात हिशेब मागणारी माणसं उभी करत नाही.

गरिबीचं प्रमाण १९९२ मध्ये ५६ टक्के होतं, २००० पर्यंत ते ३५ च्या आसपास आलं. हे चर्चांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, कॉफीला चांगला भावही मिळाला होता. २००३ च्या सुमारास ते पुन्हा ३८ वर गेलं. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या सरकारने परवाने आणि हिशेबाची कारणं देऊन ५४ संस्थांचं काम थांबवलं. ‘हे सगळे विकलेले’ असं लोकांच्या मनात आधीच भरलेलं असेल, तर अशा वेळी त्यांच्या बाजूने कोण बोलणार?

मामा, तू तो मजकूर आणखी दोन ग्रुपवर पाठवला आहेस. हे उत्तरही त्या दोन्हीकडे पाठव.