माझ्या 'ळ'ला हात लावू नका

काल संध्याकाळी काकांची नळी काढली. डॉक्टर म्हणाले, उद्या घरी न्या. हॉस्पिटलच्या जिन्यात एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात फोन, अशी उभी राहून मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, "नळी काढली. काका आता बरे आहेत. काळजी नको." पाठवलं, फोन पर्समध्ये टाकला आणि वॉर्डात गेले.

ग्रुपवर पोचलं ते हे: "नली काढली. काका आता बुरे आहेत. कालजी नको."

बुरे! पुण्याची आत्या एक्याऐंशी वर्षांची, बीपीची गोळी चालू, काका तिचा धाकटा भाऊ. तिने ते वाचलं आणि देवासमोर जाऊन बसली. आतेभावाने रात्रीच्या बसची तिकिटं काढली. माझा फोन वॉर्डात सायलेंटवर. बाहेर येऊन बघते तर एकोणीस मिस्ड कॉल. आत्याला लावला तर तिला बोलताच येईना, नुसता हुंदका. "अगं आत्या, बरे आहेत, बरे!" जिन्यात उभी राहून मी ओरडत होते आणि येणारे-जाणारे माझ्याकडे बघत होते.

मग आतेभाऊ म्हणाला, "तुम्ही इंदूरवाले असंच बोलता ना, म्हणून वाटलं तब्येत बिघडली." हे सगळ्यात जास्त लागलं. लग्नाकार्यात पुण्याला गेलं की जन्मभर हेच ऐकत आलेय, तुमचं मराठी म्हणजे अर्धं हिंदी. माझ्या शाळेत ळ नव्हता. आईने रामबागेतल्या घरी रोज दिवेलागणीला पाटीवर तो माझ्याकडून गिरवून घेतला. चार पिढ्या जपलेलं मराठी माझ्याच फोनने माझ्याच हातून खोटं पाडलं.

आणि मी मराठीच निवडलेलं आहे हो! सेटिंगमध्ये जाऊन, हिंदी काढून टाकून. अपडेट आला की हिंदी परत वर येऊन बसते. 'बरे' मी नीट टाइप केलं होतं. स्पेस दाबली आणि कीबोर्डच्या ऑटोकरेक्टने ते बदललं. विचारलं नाही, दाखवलं नाही. हिंदीशी माझं काही वाकडं नाही, दुकानात, बँकेत, पोह्यांच्या ठेल्यावर दिवसभर मी हिंदीच बोलते. पण माझं मराठी हिंदीच्या डिक्शनरीने तपासायचं नाही.

ळ युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने अभिजात दर्जा दिला. आणि माझ्या कीबोर्डवर ळ कुठे? ल दाबून धरा, मग वर उगवतो, मग बोट सरकवा. 'दुसऱ्या' लिहायला तर आजही तीनदा खोडावं लागतं. काळेंचे काले रेशनकार्डावर झाले, होळकरांचे होलकर इंदूरच्या विमानतळावर झाले, १८९१ च्या होळकर सायन्स कॉलेजच्या पाटीवर झाले. ती पाटी निदान सरकारी. हा फोन मी पैसे मोजून घेतलाय!

त्याच फोनची गॅलरी. बाबा गेले त्याला वर्ष झालं त्या सकाळी तिने त्यांच्या शेवटच्या आठवड्यातले फोटो जोडून, खाली नाचरं संगीत टाकून व्हिडिओ बनवला आणि "सुंदर क्षण" म्हणून पडद्यावर फेकला. कोणी सांगितलं होतं? फाइल मॅनेजरमध्ये रिपोर्ट शोधायला जावं तर आधी जाहिरात, मग "कचरा साफ करा", मग पुन्हा जाहिरात, आणि काउंटरवरची बाई म्हणते, मॅडम जल्दी. कॉल संपला की तिथेही जाहिरात. डायलरमध्ये 'काकू' मराठीत सेव्ह केलंय, इंग्रजीत शोधलं तर काकू सापडत नाहीत. आणि ते गेमचं ॲप, ते बातम्यांचं ॲप! मी मागितली नाहीत, ती काढता येत नाहीत, फक्त डिसेबल. तेही अपडेटनंतर परत जिवंत. अँड्रॉइडच्या मक्तेदारीवरून स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७ कोटी ७६ लाखांचा दंड ठोठावला, त्यात आधीच भरून दिलेल्या ॲप्सचाही मुद्दा होता. माझ्या फोनवर 'अनइन्स्टॉल' अजून करडाच आहे.

मला नवीन कॅमेरा नको, एआय नको. ळ पहिल्या पानावर द्या. मी लिहिलेला शब्द बदलायचा असेल तर आधी विचारा, आणि मराठी निवडलं की ऑटोकरेक्ट मुळात बंदच ठेवा, ज्याला हवं तो चालू करेल. ज्या माणसाशी मी मराठीत बोलते त्याच्या चॅटमध्ये मराठीच राहू दे. मी काढलेलं अपडेटने परत आणायचं नाही. गॅलरीने माझ्या माणसांचे फोटो मी सांगितल्याशिवाय उचलायचे नाहीत.

बसची तिकिटं रद्द झाली, अर्धे पैसे बुडाले. आत्या रात्रभर झोपली नाही.

आज दुपारी काका घरी आले. मी वहीचा कागद फाडला, पेनाने लिहिलं, "काका घरी आले. बरे आहेत. काळजी नको," आणि त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. ळ दोनदा गिरवला.