बांगड्याची पोरं आणि तिबोटी खंड्या

बांगडा बारीक आला की आमची आई कोळणीशी भांडते. "गो, बांगडे आणलंस की बांगड्याची पोरं?" वाट्यात एक जास्तीचा पडेपर्यंत जागची हलत नाही. पण राईतलं पाखरू बारीक झालं तर कोण भांडणार?

हा प्रश्न 2021 साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या एका अभ्यासामुळे डोक्यात बसलाय. ब्राझीलमध्ये मनाउसजवळच्या जंगलात संशोधक चाळीस वर्षं जाळी लावून पक्षी धरतायत, वजन करतायत, पंख मोजून सोडून देतायत. सगळे तिथलेच, स्थलांतर न करणारे, दाट सावलीत वावरणारे. 77 जाती तपासल्या, 77 च्या 77 जातींचं सरासरी वजन 1980 च्या सुमारापेक्षा कमी भरलं. (निम्म्या जातींत घट थोडी आहे, तिथे ठामपणे बोलता येत नाही, हेही त्यांनीच लिहिलंय.) तेव्हा 30 ग्रॅमचा असलेला पक्षी आता सरासरी 27.6 ग्रॅमचा. एक तृतीयांश जातींचे पंख मात्र लांबलेत.

तिथला बिनपावसाचा हंगाम जास्त तापलाय, जास्त कोरडा झालाय. अंग लहान असलं की उष्णता लवकर बाहेर पडते, अन्नही कमी लागतं. वजन कमी आणि पंख लांब, म्हणजे उडायलाही कमी कष्ट. काटकसर आहे ही, हौस नव्हे, असा संशोधकांचा कयास आहे.

माझ्या मनाला खरं लागलं ते वेगळंच. ते जंगल अखंड आहे, तिथे कुऱ्हाड चाललेली नाही. आणि मी गावच्या प्रत्येक बैठकीत छाती काढून सांगत आलोय, देवराई राखा, पाखरं आपोआप राहतील. राई राखायलाच हवी, त्यात वाद नाही. पण ‘आपोआप’ हा शब्द मी आता गिळलाय.

आपल्याकडे काय झालंय? फोटोंवरून सांगता येणार नाही. पावसाच्या तोंडावर तिबोटी खंड्या आला की घरट्यासमोर कॅमेऱ्यांची रांग लागते, त्यात मीही असतो. वजनाची वही कोण ठेवतं? उद्या उठून कुणीही जाळी लावावी असं म्हणत नाही हां. त्याला परवानगी लागते, शिकलेला हात लागतो, नाहीतर पाखरू हातातच मरतं. पण कोकणातल्या एखाद्या कॉलेजने वनखात्याला सोबत घेऊन एकच राई धरावी आणि तीस वर्षं सोडू नये. सलीम अलींनी 1930 च्या सुमारास आपल्या किहीमलाच सुगरणींवर नजर ठेवली होती.

गेल्या जूनमध्ये एक तिबोटी आमच्या खिडकीच्या काचेवर आदळला. तासभर पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवला, सावरल्यावर सोडला. शेजारीच ओट्यावर आईचा मसाल्याचा डिजिटल काटा होता. मी अकरा फोटो काढले.